सात नंबर वाटेवर आहे

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्जावर सही करणं, आणि तीही माझ्या वडिलांना शेवटपर्यंत नीट जमली नाही. मी एकतिसाव्या वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी उल्हासनगरच्या केंद्रावर तासाला बसतो, तिथली पोरं मला 'अंकल' म्हणतात. अशा माणसाने आठवणी लिहाव्यात आणि शिकलेल्या लोकांनी त्या वाचाव्यात, हे मलाच पटत नाही. पण मुलीसाठी शाळा शोधताना जे झालं ते मी दोन-तीन जणांना तोंडी सांगून पाहिलं. एक हसला. एकाने हात जोडून कपाळाला लावले. मला दोन्ही नको होतं. म्हणून लिहून बघतो.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होत आली होती. घरात ती भरपूर बोलायची. कुकरशी बोलायची, चपलांना रागवायची, माझ्या पुस्तकातलं वाक्य मी मोठ्याने वाचलं की शेवटचा शब्द परत म्हणायची. पण दाराबाहेर पाय पडला की तोंड बंद. बालवाडीच्या दोन वर्षांत तिथल्या ताईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, आणि म्हणाले, "काही नाही, बोलेल. घाई करू नका." पण पहिलीचा प्रवेश तर जूनच्या आत घ्यायला हवा होता.

पहिली शाळा आम्ही पाहिली ती उल्हासनगरात, बायकोच्या माहेराजवळ. बायको कॅम्प चारमध्ये वाढलेली, तिला तिथली दुकानं, तिथली माणसं सगळी ओळखीची. पण त्या शाळेच्या ऑफिसात ती पण पदर सावरून बसली. काचेचं दार, एसी, भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या मुलांचे फोटो. फॉर्मवर 'वडिलांचं शिक्षण' असा रकाना होता. मी 'बी.ए. दुसरं वर्ष' असं लिहिलं. मॅडमनी ते वाचून माझ्या पिकायला लागलेल्या केसांकडे पाहिलं. मग मुलीसमोर लाल चेंडू धरला.

"बेटा, कौनसा कलर है?"

मुलगी चेंडूकडे बघत राहिली.

"घर में बहुत बोलती है, मॅडम," बायको म्हणाली. "कान खाती है."

"हाँ, सब पेरेंट्स यही बोलते हैं," असं म्हणून मॅडमनी चेंडू ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसरी शाळा अंबरनाथला, माझ्या कंपनीच्या वाटेवर. तिथे चेंडू नव्हता, निळा हत्ती होता. बाकी सगळं तसंच. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "साधी शाळा नाहीच का हो कुठे? जिथे पोरीला नुसतं बसू देतील?"

आम्ही राहतो बदलापूरला, शिरगावात; हे मी तिथल्या आमच्या गिरणीवाल्याला बोललो. दळण घेता घेता बोललो, उत्तराची अपेक्षा नव्हती. त्याने पिठाने पांढरे झालेले हात झटकले.

"साधी हवी? मग बाईंची बघ. मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या बिल्डिंगच्या बाजूला. चौथीपर्यंत आहे. पण एक सांगतो, तिथे पोरं ओरडत नाहीत."

"चांगलंच की."

"मधल्या सुट्टीत पण नाही ओरडत," तो म्हणाला आणि चक्की पुन्हा चालू केली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून आम्ही तिघं गेलो. त्या गल्लीत शेवटी सात मजल्यांचा एक सांगाडा उभा आहे. काम कधीच थांबलंय. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं आणि वरून खाली हिरवी जाळी, ती वारा नसतानाही थोडी हलत असते. त्याच्या सावलीत एक जुनं बैठं घर, वर एक मजला. खाली दोन खोल्यांत शाळा, वर बाई राहतात. पत्र्याची लहान पाटी. ना रंगीत जिराफ, ना पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. मान्यतेचा कागद फ्रेम करून लावलेला होता. तो मी वाचला. हल्ली आमच्या भागात आईबाप ज्या गोष्टी आधी विचारतात त्या बायकोने विचारल्या: संडास कुठे आहे, पोरींबरोबर कोण जातं, गेटवर कोण असतं. बाईंनी तिला हात धरून सगळं फिरून दाखवलं. फी आमच्या आवाक्यातली होती.

बाई साठीच्या पुढच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी मुलीला काही विचारलं नाही. मला विचारलं, "कॉलेजला जाता म्हणे? या वयात?"

"हो. उशीर झाला."

"उशीर कसला. हजेरीला नाव असेपर्यंत उशीर नसतो."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मुलगी जूनमध्ये बसायला लागली. पहिली-दुसरीची मिळून एक खोली, जमिनीवर सतरंज्या, चोवीस मुलं. तिला तेविसावा नंबर मिळाला. पहिल्या आठवड्यात मी दाराबाहेर थांबायचो, कंपनीत दुसरी पाळी मागून घेतली होती. तेव्हा मी त्यांची हजेरी ऐकली.

बाई नावाने हजेरी घेत नसत, नंबराने घेत. हजर असेल तो 'हजर बाई' म्हणायचा. जो आलेला नसेल त्याच्या शेजारी बसणाऱ्याने सांगायचं की तो कुठे आहे. हे त्या शाळेतलं रोजचं काम होतं. "चार?" "ताप आलाय बाई." "बारा?" "मामाच्या लग्नाला कर्जतला." शेजारच्याची खबर ठेवायची, ही शिस्त. मला ते फार आवडलं. मी मनात म्हटलं, हेच तर हवं होतं.

"सात?"

दुसऱ्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "वाटेवर आहे बाई."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. "आठ?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. सात नंबर रोज वाटेवर होता. दुसऱ्या ओळीत भिंतीकडे एका माणसाची जागा मोकळी होती. सतरंजी तिथे घातलेली होती, झाडलेली होती. पोरं तिच्यावरून उडी मारून जात नसत, वळसा घालून जात.

मी बाईंना विचारलं. त्या वह्यांना कव्हर घालत होत्या.

"वॉचमनची पोर ती. या बाजूच्या बिल्डिंगच्या. मराठवाड्याकडची माणसं. मागच्या दिवाळीला गावी गेली. आई सांगून गेली, पंधरा दिवसांत येतो बाई, पोरीचं नाव काढू नका."

"मग?"

"मग काय? काढलं नाही."

"फोन?"

"लागत नाही."

"पण सात-आठ महिने..."

"दाखला नेलाय का त्यांनी?" बाईंनी कात्री खाली ठेवली. "दाखला नेलेला नाही. दाखला नेला नाही म्हणजे पोर माझ्या पटावर आहे. पटावर आहे आणि वर्गात नाही म्हणजे कुठे आहे? वाटेवर."

नियमाने त्यांचं बरोबर होतं. म्हणजे मला तेव्हा तरी वाटलं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत पोर त्या शाळेचं, एवढं मलाही माहीत होतं.

त्याच दुपारी, पाळीला जायच्या आधी, मी त्या सांगाड्याकडे गेलो. का गेलो सांगता येत नाही. गेटजवळ पत्र्याची एक खोली होती आणि खुर्चीवर नवा वॉचमन. मी विचारलं, "आधीचे वॉचमन कुठे गेले? फॅमिली होती ना?"

"फॅमिली? इधर? मेरे आने से पहले तो ताला था, साहब."

"एक लहान मुलगी..."

तो उठला आणि त्याने खोलीचं दार ढकललं. "आप पहले आदमी हो जो पूछ रहे हो. ये देखो."

आतल्या पत्र्यावर, माझ्या मांडीच्या उंचीवर, खडूने सातचे आकडे लिहिलेले होते. एकाखाली एक, ओळीने, दारापासून कोपऱ्यापर्यंत. काही सरळ, काही उलटे.

"कितनी बार धोया," तो म्हणाला. "गीला रहता है तब तक नहीं दिखता. सूखा कि वापस."

खडूचं असं होतं. पत्र्यावर ओरखडा पडलेला असला तर होतं. हे मी स्वतःला परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा सांगितलं. घरी काही बोललो नाही.

गणपतीनंतर बाईंनी जागा बदलल्या. दर सहामाहीला बदलत. आमची मुलगी दुसऱ्या ओळीत आली, त्या मोकळ्या जागेच्या शेजारी. तोपर्यंत तिने शाळेत तोंड उघडलेलं नव्हतं. तिचा तेवीस नंबर आला की शेजारची पोरगी तिच्या वतीने 'हजर' म्हणायची आणि बाई ते चालवून घ्यायच्या.

त्या दिवशी मी कंपनीत होतो. बायको तिला आणायला गेली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"पोर बोलली आज," त्या म्हणाल्या.

बायको सांगते, तिला रडू आलं. तिने बाईंचे हात धरले. "काय बोलली?"

"सात म्हटलं तर म्हणाली, वाटेवर आहे बाई."

बायकोने हात सोडले.

मी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. "अहो, हा काय चक्कर आहे?" ती म्हणाली. "दोन वर्षं थांबले मी. दोन वर्षं. आणि पोरीने पहिला शब्द काढला तो कुणासाठी? जी नाहीच तिच्यासाठी?"

"ती आहे. गावी गेलीय."

"तुम्ही बघितलंय तिला?"

मी बघितलं नव्हतं. मी खडूचे सात बघितले होते.

आई बदलापूर गावात राहते, मोठ्या भावाकडे. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोर बोलली ना? मंग झाला. कोनाशी बोलली त्याचा तुमाला काय करायचाय?" मग थोड्या वेळाने, मिरच्या बाजूला सारून: "शनवारी तिला घेऊन या माज्याकडं. मीठ-मोहरी उतरवते." बोलायचं एक आणि करायचं दुसरं, आईचं नेहमीचंच.

त्यानंतर मुलगी रोज तेवढंच बोलायची. शाळेत दिवसभर गप्प, स्वतःच्या नंबरालाही गप्प, आणि सातला मात्र स्पष्ट, खणखणीत: "वाटेवर आहे बाई." मी एकदा दाराआडून ऐकलं. घरातला आवाज नव्हता तो. जरा जाड होता, जसा धुळीतून चालून आल्यावर होतो. की मला तसं वाटलं? मी फार दिवस याचा विचार केलाय आणि खात्रीने सांगू शकत नाही.

दुपारी भात भरवताना मी सहज विचारलं, "कुठल्या वाटेवर आहे गं ती?"

"जिथे उंच गवत आहे."

"किती उंच?"

तिने हात डोक्यावर नेला, मग अजून वर, उठून उभी राहिली. "बाबांच्या पण वर. त्याचं पान लागलं की कापतं."

बारवी धरणाच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर गवत माजतं, तिथून आम्ही एकदा स्कूटरवर गेलो होतो. तिला तेच आठवलं असणार, असं मी ठरवलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि लाजही वाटत होती. कॉलेजात आम्हाला मानसशास्त्राचा एक पेपर आहे. सरांना तासानंतर गाठून विचारलं. ते म्हणाले की काही मुलांना दुसऱ्याच्या वतीने बोलणं सोपं जातं, स्वतःच्या वतीने नाही. मी ते वहीत लिहून घेतलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सरांना म्हणावं, त्या वर्गात येऊन बसा एक दिवस."

असेच थंडीचे महिने गेले. होळी झाली. त्यानंतरच्या बुधवारी बाईंनी "सात?" म्हटलं आणि मुलगी म्हणाली, "आली."

हे मला त्या वर्गाला मदत करणाऱ्या ताईंनी सांगितलं. बाईंनी परत विचारलं, "काय?" मुलगी म्हणाली, "आली बाई." चोवीस पोरांपैकी एकानेही मान वळवून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं नाही. ताई म्हणाल्या, तेच वाईट होतं. पोरांनी बघायला हवं होतं. सगळी नाकासमोर बघत बसली. बाईंनी वहीत पेन टेकवलं, काही लिहिलं नाही आणि आठ म्हटलं.

गुरुवारी सातला मुलगी काहीच बोलली नाही. घरी मी विचारलं तर म्हणाली, "ती आलीय ना आता. मी कशाला सांगू?"

"कुठे आलीय?"

"वर्गात बसलीय," ती म्हणाली आणि चपला नीट लावायला लागली.

बायकोने त्याच दिवशी माझ्यासमोर अंबरनाथच्या शाळेचा फॉर्म ठेवला. निळ्या हत्तीच्या. "हत्तीला रंग नाही सांगितला तर नाही सांगितला," ती म्हणाली. "गप्प राहू दे. गप्प पोरगी मी सांभाळेन. हे मला नाही सांभाळता येणार." मी तिच्याशी वाद घालू शकलो नाही. पण मनात मला एकच गोष्ट टोचत होती: या शाळेत पोरगी कालपर्यंत दिवसाला एक वाक्य तरी बोलत होती. तिथून उचलली आणि तेही कायमचं गेलं तर?

शुक्रवारी मी बाईंकडे गेलो आणि दाखला मागितला. 

"देते," त्या म्हणाल्या. "सोमवारी घेऊन जा. लिहून सही करून ठेवते."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट कसलं? आईबाप तुम्ही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "एवढंच, की दाखला दिला की पोर माझ्या पटावरून गेली. मग मी तिचा नंबर घेणार नाही. कुणी तिची खबर सांगणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेर हिरवी जाळी हलत होती. मला एकदम असं वाटलं की मी आत काहीतरी भयंकर मागून आलोय. शाळेची भीती मला तेवढी नव्हती, जेवढी या गोष्टीची, की सोमवारपासून माझ्या मुलीची वाट बघणारं एक माणूस मी कमी करतोय. शनिवार-रविवार मी अभ्यासाला बसलो, एक पान वाचलं नाही.

सोमवारी सकाळी मुलगी शाळेत गेली, शेवटचा दिवस म्हणून. बायकोने तिच्या डब्यात शिरा दिला होता. मी पहिल्या पाळीला होतो. आमच्याकडे मोबाईल गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत काढला तर बाईंचे चार मिस कॉल. लॉकर उघडाच टाकून मी बाजूला सरकलो. सिक्युरिटीवाला म्हणाला, "काय रे, घरी सगळं ठीक ना?" मी भिंतीकडे तोंड करून फोन लावला.

"बाई, काय झालं?"

"बसा आधी."

"बसलोय," मी उभाच होतो.

"तुमच्या पोरीने आज हजेरी दिली. स्वतःची. तेवीस म्हटलं, शेजारची तोंड उघडणार इतक्यात हीच म्हणाली, हजर बाई."

मागे कॅन्टीनची ताटं वाजत होती.

"ऐकताय ना?" बाई म्हणाल्या. "दाखला मी लिहिलाय, पण सही नाही केली. तुम्ही घरी विचारा, मग सांगा. पण फोन त्यासाठी नाही केला. म्हणजे त्यासाठीच करायला उठले होते, तर त्याच्या आधीच माझा फोन वाजला."

"कुणाचा?"

इतक्या महिन्यांत मी बाईंचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण त्यात माझं काही मिसळू नये असं मला वाटतं.

"बीडकडच्या एका वाडीवरच्या शाळेतले गुरुजी होते. माझा फोननंबर पोरीच्या आजीने जपून ठेवलेला, तिच्याकडून घेतला म्हणाले. आईबाप पोरीला घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरत होते, दोन हंगाम. या फडातून त्या फडात. आता आजीकडे ठेवलीय. मागच्या आठवड्यात शाळेत येऊन बसली, मंगळवार की बुधवार ते त्यांना आठवत नव्हतं. तब्येतीने बरी आहे. हसते, खेळते. फक्त नाव विचारलं की नाव सांगत नाही, सात म्हणते. दाखला तेवढा पाठवा म्हणाले."